विळा, हळद आणि पीएच मीटर

पावसाळा लांबला, की तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात दावण्या रोगाची धास्ती घराघरांत शिरते आणि बॅरलमध्ये मोरचूद-चुना कालवायला सुरुवात होते. आम्ल, अल्क आणि पीएच समजून घ्यायला ह्या बोर्डो मिश्रणाइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही. वर्गात लिटमसची पट्टी लाल झाली काय आणि निळी राहिली काय, कुणाचं काही बिघडत नाही. इथे चुकलं तर पानं करपतात. पुढचा संवाद मी रचलेला आहे. आबा जुने बागायतदार, पुतणी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि काकू मधूनच बोलतात. माणसं कल्पनेतली असली तरी वाद खरा आहे.

आबा : ते यंत्र पिशवीतच राहू दे. बोर्डो आमच्या घरात वडिलांपासून चालत आलंय. 100 लिटरला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत रात्रभर भिजत घालायचं, चुना वेगळा भिजवून गाळून घ्यायचा, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बॅरलमध्ये ओतत ढवळायचं. मग विळा घासून लख्ख करायचा, मिनिटभर त्यात धरायचा. पात्यावर तांबूस रंग चढला तर अजून चुना. पातं आहे तसं राहिलं तर पंप भरायचा. यात तुझा आकडा कुठं बसतो?

पुतणी : आधी मला सांगा, विळा मोजतो काय?

आबा : आंबटपणा. मोरचुदाचं पाणी आंबट, चुना तो मारतो.

पुतणी : मग हाच विळा लिंबाच्या रसात धरा. तो तांबूस होईल का? नाही होणार. विळ्याला आंबटपणा कळतच नाही, आबा. पाण्यात मोकळं तांबं असलं, की विळ्याचं थोडं लोखंड विरघळून पाण्यात जातं आणि त्याच्या जागी तांबं पात्यावर येऊन बसतं. तुम्ही मोजता ते तांबं.

आबा : मग झालंच की! पान जाळतं ते मोकळं तांबंच ना? मला जे पाहिजे ते विळा नेमकं सांगतो. तुझं यंत्र दुसरंच काहीतरी मोजून मला अंदाज देणार.

आबांचा हा मुद्दा बिनतोड आहे. पीएच मीटर तांबं मोजत नाही. ते पाण्यातल्या हायड्रोजनच्या धन आयनांचा अंदाज घेतं. बोर्डोत ह्या दोन गोष्टी हातात हात घालून चालतात म्हणून मीटर इथे कामी येतं, एवढंच. पण त्या हातात हात घालून का चालतात, हे पुतणीला सांगता आलं पाहिजे.

पुतणी : मोरचुदात आम्ल असं काही घातलेलं नसतं. ते मीठच आहे, गंधकाम्ल आणि तांब्याचं. तरी त्याच्या एक टक्का पाण्याचा पीएच 4 च्या आसपास येतो. कारण तांब्याचा आयन पाण्याचे रेणू स्वतःभोवती घट्ट ओढून धरतो आणि त्या ओढाताणीत एखाद्या रेणूतला हायड्रोजनचा आयन सुटून पाण्यात जातो. आंबटपणा येतो तो तिथून.

आबा : म्हणजे आम्लात अल्क मिसळलं की मीठ होतं आणि मीठ ना आंबट ना तुरट, हे शाळेत सांगितलेलं खोटं?

पुतणी : अर्धवट. दोन्ही तोडीस तोड असतील तर ते खरं. खायचं मीठ तसंच आहे, पाण्यात घातलं तरी पीएच हलत नाही. धुण्याचा सोडा हेही मीठच, पण त्याचं पाणी चांगलं अल्कधर्मी असतं. मोरचुदाचं उलटं. त्यात चुना पडला की चुन्याचे आयन तो सुटलेला हायड्रोजन उचलतात, मग तांब्यालाच चिकटतात, आणि तांबं निळ्या साक्याच्या रूपाने बाहेर येतं. तो निळा साका पाण्यात विरघळत नाही, पानाला धरून बसतो आणि दवात, पावसात थोडं थोडं तांबं सोडतो. दावण्याच्या बीजाणूला तेवढं पुरतं, पानाला बाधत नाही.

आबा : हे तू चांगलं सांगितलंस. पण विळा तरी जिंकलाच.

पुतणी : एका बाजूने जिंकला. आता चुना जास्त पडला तर विळा काय सांगेल?

आबा : काय सांगायचंय? पातं स्वच्छ.

पुतणी : पीएच 7 असला तरी स्वच्छ आणि 12 असला तरी स्वच्छ. शुद्ध कळीचा चुना असेल, तर 1 किलो मोरचुदातलं सगळं तांबं खाली बसवायला साधारण 225 ग्रॅम पुरतो, हा साधा रेणुभारांचा हिशेब आहे. तुम्ही घालता किलो.

आबा : चुना कसला मिळतो ते बघितलंयस का कधी? अर्धा खडे, अर्धा हवा लागून मेलेला. म्हणून किलो.

पुतणी : तेच म्हणते मी. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला, की चुन्याची परत चुनखडी होते आणि ती चुन्यासारखी काम करत नाही. म्हणून किलोत खरा चुना किती, हे पोत्यागणिक बदलतं. जुनं पोतं असेल तर किलो बरोबर पडेल. ताजं फोडलेलं असेल, तर मिश्रणाचा पीएच 12 च्या वर जाईल. त्यात कुणी दुसरं कीटकनाशक मिसळलं, तर अनेक औषधं अशा अल्कात काही तासांत तुटून जातात. पैसे पाण्यात, आणि विळा तुम्हाला एका शब्दाने सांगणार नाही.

काकू : हळद सांगेल की.

आबा : काय?

काकू : चुन्याचा हात हळदीला लागला की लाल होतंच. पूर्वी कुंकू त्यावरच करायचे. सांगलीत हळदीला काय तोटा आहे? कागदाला चोळा आणि बुडवा.

काकूंचं वाक्य मी मुद्दाम मध्ये आणलं आहे, कारण ते रसायनशास्त्राच्या इतिहासातलं मोठं वाक्य आहे. रंग बदलणाऱ्या वनस्पतींच्या अर्कावरून आम्ल-अल्क ओळखायची पद्धत रॉबर्ट बॉइलने 1664 मध्ये व्हायोलेटच्या फुलांच्या सरबतावर नोंदवली. आपल्याकडे हळद-चुन्याचं लाल होणं घरोघरी ठाऊक होतं, फक्त त्याला कसोटी म्हणून कुणी बसवलं नव्हतं. हळदीचा पिवळा रंग पीएच 7.4 च्या पुढे फिरायला लागतो आणि 8.6 पर्यंत लालसर तपकिरी होतो. बोर्डोचा साका खाली बसू द्यावा, वरच्या निवळ पाण्यात हळदीचा कागद बुडवावा. विळा तांबूस होत नाही आणि हळदही लाल होत नाही, एवढ्या पट्ट्यात मिश्रण राहिलं तर ते योग्य. विळ्याला एक कड कळते, हळदीला दुसरी.

आबा : बघ. मीटरशिवाय झालं.

पुतणी : झालं, आणि मला आवडलं. पण हळदीने लाल म्हटलं तर किती चुना जास्त झाला, हे कळतं का? पीएच 9 ला लाल आणि 12 ला लाल. त्या दोन आकड्यांत हजारपटींचा फरक आहे, आबा.

आबा : 9 आणि 12 मध्ये तीनचा फरक. हजार कुठून आणलेस?

पुतणी : एकेक पायरी दहापटींची आहे. शुद्ध पाणी घ्या. त्यातले साधारण साडेपंचावन्न कोटी रेणू मोजले, तर त्यांतला एक फुटलेला सापडतो. हायड्रोजनचा आयन एकीकडे, उरलेला भाग दुसरीकडे. लिटरमागे मोजला तर तो आकडा शून्य, टिंब, सहा शून्यं आणि मग एक असा येतो. तसं कोण लिहीत बसणार? म्हणून टिंबानंतर एक कितव्या जागी आला, ते लिहायचं : 7. पीएच 6 म्हणजे दहापट जास्त आयन, 5 म्हणजे शंभरपट. मोरचुदाच्या पाण्याचा 4 आहे. तिथून 7 ला येताना तुम्ही आयन हजारपटींनी कमी केले.

आबा : मग सरळ हजारपट म्हणावं. हे 4, 7, 12 ऐकून माणसाला वाटतं थोडंसंच तर हललंय.

पुतणी : हे मला मान्य आहे. ही मोजपट्टी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत 1909 मध्ये सोरेन सोरेन्सेनने काढली. ती प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची. विकरं किती आंबट पाण्यात नीट काम करतात हे तो बघत होता आणि शून्यांच्या रांगा लिहून कंटाळला असणार. कागदावर ती सोयीची आहे, पण कानाला फसवते. सामू, म्हणजे हाच पीएच, 7.5 वरून 8.5 झाला, हे ऐकताना काहीच झालं नाही असं वाटतं.

इथे जरा बाजूला जातो. बोर्डो हे नावच फ्रान्सच्या बोर्दो शहराचं. 1882 मध्ये मेदोकच्या द्राक्षमळ्यांतून जाताना तिथले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांना रस्त्याकडेच्या वेलींवर निळसर थर दिसला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत, म्हणून मळेवाल्यांनी मोरचूद-चुना शिंपडला होता. आतल्या वेली दावण्याने झडल्या होत्या आणि ह्या हिरव्या होत्या. तीन वर्षं प्रयोग करून त्यांनी 1885 मध्ये कृती छापली. आणि पीएच मीटर आलं लिंबामुळे. कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसाचं काम करणाऱ्या एका रसायनज्ञाला गंधकाच्या वायूमुळे रंगाच्या कसोट्या दगा देत होत्या. 1934 मध्ये आर्नोल्ड बेकमनने त्याला काचेच्या टोकाचं, विजेवर चालणारं यंत्र करून दिलं. विळ्याचा मार्ग आणि यंत्राचा मार्ग, दोन्ही फळबागेतूनच गेलेले आहेत.

आबा : बरं, आता माझा प्रश्न. जीए, म्हणजे ते जिबरेलिक अॅसिड, मारताना तूच सांगितलंस, पाणी आधी साडेपाच-सहावर आण, नाहीतर जीएचं काम होत नाही. आणलं. तुझ्याच यंत्राने वरच्या विहिरीचं पाणी 8.1 आणि खालच्या बोअरचंही 8.1. वरच्याला टाकीमागे चार टोपणं सायट्रिक अॅसिडच्या पाण्याची लागली. खालच्याला नऊ टोपणं घातली तरी काटा हलेना. दोन्हींचा आकडा एक आणि औषध वेगळं? मग आकड्याला काय अर्थ?

हा प्रश्न ज्या बागायतदाराने विचारला, त्याला अर्धं रसायनशास्त्र कळलेलं आहे, असं मी म्हणेन. पीएचवर जेवढं लिहिलं जातं त्यातलं बहुतेक ह्या प्रश्नाच्या अलीकडेच थांबतं.

पुतणी : खालच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त आहे. तुम्ही आम्ल घालता तेव्हा त्यातले हायड्रोजनचे आयन मोकळे राहतच नाहीत. बायकार्बोनेट त्यांना पकडतं, त्याचं कार्बनिक आम्ल होतं, त्यातून वायू सुटतो. यंत्राला दिसतात फक्त मोकळे आयन, म्हणून काटा रेंगाळतो. पीएच 6.4 च्या आसपास येईतो निम्मं बायकार्बोनेट संपलेलं असतं. ते सगळं संपत आलं, की मग एखाद्या टोपणात पीएच धाडकन खाली येतो.

आबा : म्हणजे दोन विहिरींचं पाणी एकाच पायरीला दिसतं, पण उपसायला लागलं की कळतं झरा कुणाला आहे.

पुतणी : अगदी तेच. पीएच म्हणजे पायरी. झरा त्यात दिसत नाही.

आबा : मग मी टोपणं मोजतो तेच खरं मोजणं झालं! तुझं यंत्र पायरी सांगतं, झरा माझ्या टोपणाने कळला.

पुतणी : तुमच्या टोपणालाच आम्ही प्रयोगशाळेत ब्युरेट म्हणतो. ठराविक पाण्यात, ठराविक पीएच येईतो, ठराविक ताकदीचं आम्ल किती लागलं ते मोजायचं. पण टोपणं थांबवायची कुठे, हे सांगायला यंत्रच लागलं ना? नुसती टोपणं मोजून तुम्ही तिसऱ्या बोअरला नऊ घातली असती आणि तिथे पाणी 3 वर गेलं असतं.

आबा : ते मान्य. आणि सकाळी 6 वर आणलेलं पाणी दुपारी सातच्या पुढे जातं, ते कशाने?

पुतणी : पाण्यात मुरलेला वायू हळूहळू उडून जातो. उरलेलं बायकार्बोनेट तेवढं वरचढ होतं. पाणी जीए घालायच्या वेळीच तयार करा, आणि शेवटचा आकडा पंप भरताना बघा.

काकू : अॅसिडची बाटली मात्र पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

पुतणी : काकू, चुन्याचीही तेवढीच काळजी घ्या. अॅसिडला सगळे भितात, चुन्याला कुणी भीत नाही. डोळ्यात गेला तर चुना आम्लापेक्षा वाईट; आम्लाने वरचा थर गोठतो आणि बहुधा तिथेच अडतं, अल्क आतवर शिरत जातं. लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, बराच वेळ, आणि दवाखाना गाठायचा. लिंबू-व्हिनेगर घालून मारायला जायचं नाही. आणि ठिबकच्या नळ्या धुवायला अॅसिड पातळ करताना आधी पाणी घ्यायचं आणि त्यात अॅसिड सोडायचं. उलटं केलं तर उकळून अंगावर उडतं.

आबा : चुना भिजवताना बादली हाताला चटका देते, तेव्हाच कळायला पाहिजे होतं खरं तर. बरं, आता जमिनीचं बोल. माती परीक्षणाच्या कागदावर सामू 8.3 आलाय. एकाने ठिबकमधून सोडायचं औषध दिलं होतं, सामू उतरवणारं. महिन्याने पुन्हा तपासलं तर होतं तिथंच. त्याने मला फसवलं का?

पुतणी : पाण्यात जे बायकार्बोनेट करतं, तेच काम तुमच्या जमिनीत चुनखडी करते, आणि ती आहे टनांत. एकराची वरची अर्धा फूट माती साधारण आठ-नऊ लाख किलो. त्यात एक टक्का चुनखडी धरली, तरी आठ-नऊ टन झाली. ती मारायला जवळपास तेवढंच शुद्ध गंधकाम्ल लागेल. दहा लिटरच्या कॅनने काय होणार? ठिबकच्या तोंडाशी चार दिवस सामू उतरला असेल, मग भोवतालच्या चुनखडीने परत वर आणला. ज्याने विकलं त्याला हे ठाऊक असायला हवं होतं.

आबा : मग सामू मोजून उपयोग काय, जर तो हलणारच नसेल?

पुतणी : हलणार नाही हे कळण्यासाठीच मोजायचा. सामू एक अंकाने चढला, की मातीच्या पाण्यात विरघळलेलं लोह हजारपटींनी घटतं. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसतात तुमच्याकडे, ते त्यामुळे. जमिनीत लोह नाही असं नाही, भरपूर आहे, पण कुलपात आहे. म्हणून तुम्ही मातीत हिराकस टाकता तेव्हा त्याचाही गंज होऊन बसतो. अशा जमिनीत उच्च सामूतही टिकणारं लोहाचं चिलेट द्यायचं, किंवा लोह पानावर फवारायचं. जमीन बदलायला जायचं नाही.

आबा : चोपण जमिनीत जिप्सम टाकतात ते? ते तर सामू उतरवतं म्हणतात.

पुतणी : उतरवतं, पण जिप्सम आम्ल नाही. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, म्हणून ती फुगते, पाणी मुरत नाही आणि सामू साडेआठच्या वर जातो. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला ढकलून त्याची जागा घेतं. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून गेला तरच सामू उतरतो. निचरा नसेल तर जिप्सम टाकूनही तो सोडियम तिथल्या तिथे फिरत राहतो. आणि तुमची जमीन चोपण नाही, चुनखडीची आहे. दोघींचा सामू कागदावर जवळपास सारखा दिसतो, उपाय मात्र वेगळे.

आबा : पुन्हा पायरी आणि झरा.

पुतणी : हो. आणि आता मी तुम्हाला एक विचारते. एवढी वर्षं फवारलेलं तांबं गेलं कुठे?

आबा : पावसाने वाहून गेलं असेल.

पुतणी : बहुतेक सगळं तिथेच आहे. तांबं कुजत नाही, उडत नाही. 1 किलो मोरचुदात पाव किलो तांबं. एकरी 400 लिटर फवारलंत तर एका फवारणीत 1 किलो. युरोपात सात वर्षांत हेक्टरी 28 किलोंच्या वर तांबं मारू देत नाहीत. म्हणजे तुमच्या हिशेबाने सात वर्षांत अकरा फवारण्या.

आबा : सात वर्षांत अकरा? पाऊस लागला तर आमच्या दोन-तीन वर्षांतच तेवढ्या होतात. मग बाग अजून उभी कशी?

पुतणी : ज्या चुनखडीने लोह कुलपात घातलं, तिनेच तांबंही धरून ठेवलंय. 8.3 ला ते मुळांना फारसं लागत नाही. हीच बाग कोकणातल्या जांभ्या मातीवर असती, जिथे पावसाने अल्कं धुऊन नेलीत आणि सामू साडेपाच-सहाच्या आसपास असतो, तर मी इतक्या निवांतपणे बोलले नसते. सुपारीच्या बागांत तिथेही बोर्डोच मारतात. म्हणून तुम्हाला सांगते, कुणी मातीचा सामू उतरवून देतो म्हणाला, तर आधी हे तांबं आठवा.

आबा : मग हे तपासता येतं का कुठं?

पुतणी : येतं. नुसत्या सामूच्या तपासणीत ते येत नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यांची तपासणी वेगळी सांगावी लागते. लोह, जस्त, मंगल, तांबं, सगळं त्यात कळतं.

आबा : मग दोन्ही बागांचे नमुने घे. जुन्या बागेचा आधी. तिथं वडिलांच्या हातचं तांबं आहे.